नवीन मेश नेब्युलायझर: कप बसवलेला असूनही ‘कप जोडलेला नाही’ असा दिवा

टॉवेलवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. घरातल्या एका नव्याकोऱ्या मशीनने डोकं उठवलंय, म्हणून इथे विचारतेय.

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, सीओपीडी आहे (फुप्फुसाचा जुनाट आजार, सारखा दम लागतो). मामांनी सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काढलं, आधी चादरी, मग टॉवेल. तोंडाला रुमाल बांधायचे म्हणतात, पण ती उडती रुई रुमालाला थोडीच ऐकते! आता सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर लागतो, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं मशीन. कॉम्प्रेसरचं जुनं मशीन आहे आणि ते व्यवस्थित चालतं. पण त्याचा आवाज सुरू झाला की मामा म्हणतात, “घरात परत माग बसवलास काय गं?” शिवाय लाईट गेली की ते बंद.

म्हणून हातात मावणारं, बॅटरीवरचं मेश (बारीक जाळीचं) नेब्युलायझर घेतलं, नवी पेठेतल्या एका दुकानातून. खाली दांडा, त्यात बॅटरी. वर औषधाचा कप सरकवून बसवायचा, ‘टक्’ आवाज आला की बसला. कपाच्या पुढच्या बाजूला एक छोटी धातूची चकती आहे, तिच्यातून औषधाचं धुकं बाहेर येतं. आवाज जवळपास नाहीच.

अडचण अशी. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायला हवा. आमच्याकडे नारंगी दिवा तीनदा लुकलुकतो आणि सगळं बंद. पुस्तिका सांगते, याचा अर्थ ‘औषधाचा कप जोडलेला नाही’. अहो, जोडलेला आहे की! कप अंगठ्याने मागे दाबून धरला तर हिरवा लागतो आणि धुकंही छान येतं. अंगठा काढला की लगेच नारंगी. कधी नुसतं डावीकडे कलतं धरलं तरी चालतं, कधी काही केलं तरी नाही.

दुसरं म्हणजे चार्जिंग. माझ्या मोबाइलच्या नव्या चार्जरवर लावलं तर चार्जिंगचा दिवाच लागत नाही. मोबाइल मात्र त्याच चार्जरवर भरभर चार्ज होतो.

दुकानदाराचं म्हणणं, “मॅडम, तोंडाला लागलेली वस्तू परत घेता येत नाही. कंपनीकडे पाठवा, पंधरा-वीस दिवस लागतील.” गड्डा, आमची सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर आलाय. होम मैदानावरची धूळ तुम्हाला माहीतच आहे, आणि नातवाला पाळण्यात बसवायला मामा जाणार म्हणजे जाणारच. तेव्हा मशीन परत पाठवण्याआधी घरी काही तपासता येईल का? स्क्रू उघडणार नाही, एवढं नक्की.

बिनधास्त_बार्शीकर

हे कायम होतं. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी चमकी घ्या, बारीक घडी करा आणि कपाच्या खाली जिथे लोखंड लागतं तिथे सारा. फिट्ट बसतं. आमच्या टीव्हीच्या रिमोटला अशीच बसवली आहे, अजून चालतोय.

सत्तरफुटी_मिस्त्री

बार्शीकर, रिमोटची गोष्ट वेगळी बे. तिथं दोन साधे सेल असतात. इथं लिथियमची बॅटरी हाय, अन् पिना एकमेकीला चिकटून. चमकी सरकून दोन पिनांवर आडवी पडली तर शॉर्ट. हातात धरून तोंडाजवळ न्यायची वस्तू हाय ती. ताई, चमकी-बिमकी काही घालू नका.

आता मुद्द्याचं. दाबून धरलं की चालतं म्हणताय ना, मग निम्मा शोध तिथंच लागला. बोर्ड जिवंत, बॅटरी जिवंत, चकती जिवंत. जिथं कप दांड्याला टेकतो, तिथंच दुखणं. बॅटरी गेलेली असती तर दाबून काय उपयोग झाला नसता, अन् चकती बुजली असती तर दिवा हिरवा राहून धुकं कमी आलं असतं.

मी काही वर्षं दुबईत मोबाइलच्या दुकानात होतो. तिकडं वेप, म्हणजे ई-सिगारेट, उघड विकतात, अन् दुरुस्तीला हीच तक्रार घेऊन गिऱ्हाईक यायचं. नवीकोरी वस्तू, पॉड (लिक्विडची डबी) बसवला तरी ‘पॉड नाही’, नाहीतर स्क्रीनवर ‘चेक ॲटमायझर’. त्यात पॉडच्या बुडाला धातूचे दोन ठिपके असतात अन् दांड्यात स्प्रिंगवरच्या दोन पिना. आतली चिप तापणाऱ्या तारेचा रेझिस्टन्स मोजत बसलेली असते, अन् तो असतो एखादा ओहम, कित्येकदा त्याहून कमी. त्याचं लिक्विड ग्लिसरीनचं, चिकट. ते पाझरून पिनेवर बसलं की माप चुकतं अन् चिप म्हणते, इथं काही जोडलेलंच नाही. आट्यांचं मॉडेल असलं, म्हणजे ज्याला ५१० म्हणतात ते, तर लोक टाकी इतकी आवळायचे की मधली पिन आत दबून बसायची. ती जरा वर आली की वस्तू चालू. (आपल्याकडं २०१९ पासून वेपवर कायद्यानं बंदी हाय. तेव्हा हे वाचून कुणी माझ्या दुकानात वेप घेऊन येऊ नका, हात जोडतो.)

तुमच्या मशीनमधी तार नाही, तापणं नाही. चकतीभोवती एक सिरॅमिकची कडी असते, तिला वीज मिळाली की ती सेकंदाला लाखाहून जास्त वेळा थरथरते. चकतीला डोळ्याला न दिसणारी हजारो भोकं असतात, त्यातून औषध बारीक होऊन बाहेर पडतं. पण ती वीज दांड्यातून कपात जाते ती पिनांवरूनच. म्हणून जोडणीचं दुखणं तेच.

मशीन बंद करा, चार्जरची वायर काढा, कप काढा. मोबाइलचा टॉर्च पिनांवर आडवा मारा. सरळ वरून मारू नका, आडवा मारला की सावली पडते अन् कोण उंच कोण बुटकी ते कळतं. सगळ्या पिना एका उंचीला पाहिजेत. मग टूथपिकच्या लाकडी टोकानं एकेक हलकी दाबायची. दाबली की खाली, सोडली की टुणकन वर. जी वर येत नाही ती चोर.

नंतर कपाच्या बाजूचे ठिपके बघा. कधी कधी त्यावर कारखान्यातली पारदर्शक पट्टी तशीच राहिलेली असते. आधी कप धुतला असंल तर पाणी वाळून पांढरा थर बसतो. चष्म्याच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या, मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतं, अन् ठिपके-पिना पुसून पूर्ण वाळू द्या. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुतेकदा ग्लिसरीन असतं, म्हणजे चिकटा काढायला चिकटाच लावला. थिनर, पेट्रोल तर अजिबात नको. पॉलिश पेपरनं घासूही नका, वरचा सोन्याचा मुलामा गेला की खालचा धातू गंजतो.

अन् चकतीला काहीच लावायचं नाही. बोट नाही, कापूस नाही, टूथपिक नाही, फुंकरसुद्धा नाही.

चार्जिंगचं सांगतो. तुमच्या नव्या चार्जरची वायर दोन्ही तोंडाला टाइप-सी हाय का? असंल तर चार्जर बी चांगला अन् मशीन बी चांगलं. सी-टू-सी वायरीत चार्जर आधी बघतो की समोर कोण हाय. ती ओळख पटवायला मशीनच्या सॉकेटपाशी ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. कमी किमतीच्या वस्तूत कंपन्या ते गाळतात. ओळख पटली नाही की चार्जर वीज सोडतच नाही. जुना चौकोनी यूएसबीचा चार्जर घ्या, ५ व्होल्ट १ ॲम्पियरवाला, त्याला ए-टू-सी वायर लावा. तो काही विचारत नाही, सरळ वीज देतो.

पायजमा_ते_पोस्टमन

विषयाशी थोडंच संबंधित, पण सांगतो. हे छोटं मशीन ट्रेनमध्ये वापरणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. माझ्या आत्यांनी पुण्याला जाताना डब्यात वापरलं, तर शेजारच्या गृहस्थांनी “आजी, या वयात वेप?” म्हणून टीसीला बोलावलं. टीसी हसून गेला, पण आत्या कुर्डुवाडी येईपर्यंत फणफणत होत्या.

निवृत्त_सिस्टर

मिस्त्रींनी मशीनचं सांगितलं, मी पेशंटचं सांगते. वॉर्डात नेब्युलायझर देण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

ताई, नवीन मशीन भरवशाचं होईपर्यंत मामांची औषधं जुन्या कॉम्प्रेसरवरच द्या. ‘आता चालू होईल, मग होईल’ करत त्यांचा एकही डोस मागे पडू देऊ नका. डॉक्टरांनी इन्हेलर लिहून दिला असेल तर तो स्पेसरसकट (इन्हेलरला लावायची नळकांड्यासारखी डबी) हाताशी ठेवा, लाईट गेली तरी अडत नाही. आणि दम इतका लागला की एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, तर मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन.

मशीन तपासताना महागाचं औषध वाया घालवू नका. मेडिकलमध्ये ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाईन छोट्या प्लास्टिक ट्यूबमध्ये मिळतं, ते घाला. डिस्टिल्ड वॉटर घालून तपासू नका. बऱ्याच मेश मशीनमध्ये कपात द्रव आहे की नाही हे त्यातून वीज वाहते का यावरून ओळखतात. सलाईनमधून वाहते, शुद्ध पाण्यातून जवळजवळ नाही. मशीनला वाटतं कप रिकामा आहे, आणि ते आपोआप बंद होतं. ते औषध संपल्यावर मशीन थांबावं म्हणूनच केलेलं असतं, पण तपासताना माणूस फसतो.

कलतं धरल्यावर चालतं म्हणालात, त्याला आणखी एक कारण असू शकतं. औषध चकतीला भिडलेलं हवं. मामा उशीला टेकून घेत असतील तर कप मागे झुकतो, औषध मागे जातं आणि चकती कोरडी पडते. कधी चकतीपाशी हवेचा बुडबुडा अडकतो. कप टिचकी मारून हलवला की तो सुटतो. बसवून द्या, पाठ ताठ. तसंही बसूनच दिलेलं बरं, औषध खोलवर जातं.

मामा कोणतं औषध घेतात? नुसतं लेव्होसाल्ब्युटामॉल-इप्राट्रोपियम (श्वासनळ्या मोकळ्या करणारं) असेल तर ते पाण्यासारखं पातळ द्रावण आहे, मेशला सोपं. सोबत बुडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टिरॉइड) असेल तर पुस्तिका नीट वाचा. ते द्रावण नाही, त्यात औषधाचे कण तरंगत असतात. जुन्या अल्ट्रासोनिक मशीनवर ते चालतच नाही. मेशपैकी काहींवर चालतं, पण चकती लवकर बुजते. मॉडेलला चालत असेल तरच द्या, आणि दिल्यावर मामांना खळखळून चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

एक विचारू? सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळायची आणि आठवडाभरात कमी व्हायची, असं त्यांना तरुणपणी व्हायचं का? कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती खूण आहे. सोलापुरात मागावरचे कितीतरी जण ‘दमा’ म्हणून तेच अंगावर काढतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्यांच्या कामाबद्दल सविस्तर सांगा.

टॉवेलवाली_सोलापूर

सिस्टर, तुमच्या प्रश्नावर मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते तर सगळ्यांनाच व्हायचं, त्यात काय सांगायचं?” डॉक्टरांना सांगणार आहे. बुडेसोनाइड आहे, सकाळी एकदा. आमच्या पुस्तिकेत ते चालतं असं लिहिलंय.

मिस्त्रीदादा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आडवा टॉर्च मारला. चार पिना आहेत, तीन उभ्या आणि उजवीकडची एक बुटकी. टूथपिकने दाबली तर खाली गेली, पण वर येताना रेंगाळली. अल्कोहोलने पुसली, वाळवली, तसंच.

मी कारखान्यात हिशेब बघते. आमच्याकडे टॉवेलचे उभे-आडवे धागे मोजायचं घडीचं भिंग असतं, एक इंचाची चौकट असलेलं. ते घरी आणून पिनेवर धरलं. पिनेच्या भोकाच्या कडेला काळ्या प्लास्टिकचा केसाएवढा काप लटकतोय, दांड्याच्याच प्लास्टिकचा, साच्यातून निघताना राहिलेला असावा. तो पिनेच्या मानेला घासतो, म्हणून पिन तिरकी होऊन अडते. अंगठ्याने कप मागे दाबला की कपाचा ठिपका तिच्यापर्यंत पोचतो. सगळं कोडं तिथेच सुटलं. बाकी तीन भोकांच्या कडा कशा गुळगुळीत आहेत, एका लायनीत बघितल्यावर फरक लगेच कळतो.

टोकदार चिमट्याने तो काप ओढून काढू का? मोह फार होतोय.

चार्जिंग: जुन्या चार्जरवर ए-टू-सी वायरीने लावलं, लगेच दिवा लागला. हे पुस्तिकेत लिहायला काय जातं यांचं?

सत्तरफुटी_मिस्त्री

वा ताई, भिंगाची आयडिया आमच्या दुकानात लागू करतो. पण काप काढू नका. दुकानात आला असता तर मी काढला असता, पण मग कंपनी म्हणाली असती, मशीनला बाहेरच्यानं हात लावला. आता तो काप तुमचा साक्षीदार हाय. भिंगावर मोबाइलचा कॅमेरा टेकवून फोटो घ्या, चारी पिना एका फोटोत. अन् एक व्हिडिओ: कप बसवला, ‘टक्’ झालं, नारंगी. अंगठा दाबला, हिरवा. अंगठा काढला, नारंगी. कट न करता, सलग.

बिल_दाखवा

हे घेऊन दुकानात जा, आणि ‘तोंडाला लागलेली वस्तू’ या उत्तरावर परत फिरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. सदोष वस्तू बिलावर छापलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत छापलेलीच नसेल तर ३० दिवस धरायचे. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. पक्कं बिल घेतलंय ना? तुमची वस्तू मन बदलल्यामुळे परत जात नाहीये, दोष असल्यामुळे जातेय. हा फरक दुकानदाराला शांतपणे सांगायचा.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. माझा अनुभव असा की नंबर लावावा लागत नाही, बिलाच्या मागे तो लिहायला लागलं तरी पुरतं.

किमतीकडेही एकदा बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नेब्युलायझर, पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाचांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्याआधी खोक्यावरची एमआरपी आणि डीलरचा भाव यात इतकं अंतर असायचं की ‘तुमच्यासाठी निम्म्यात’ म्हणणारा दुकानदारसुद्धा मजेत असायचा.

बिनधास्त_बार्शीकर

चमकीचं राहू द्या, मागे घेतो. पण मला एक कळत नाही, इतकं नाजूक मशीन म्हाताऱ्या माणसाला द्यायचंच कशाला? कॉम्प्रेसर आवाज करतो, करू दे की. पडला तरी चालतो, धुतला तरी चालतो.

निवृत्त_सिस्टर

बार्शीकर, यात तथ्य आहे. रोजच्या घरच्या वापराला कॉम्प्रेसरसारखा दणकट गडी नाही, आणि बुडेसोनाइड तर मी त्यावरच देईन. पण प्रवासात, लाईट गेल्यावर, रात्री घरातली लहान मुलं झोपलेली असताना मेशच बरं. दोन्ही असणं ही चैन नाही.

टॉवेलवाली_सोलापूर

दुकानात जाऊन आले. मालक सुरुवातीला तेच म्हणाले, तोंडाला लागलेली वस्तू. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मग मुलाला हाक मारली, मुलाने फोटो मोठा करून बघितला. भिंग पर्समध्ये होतंच. म्हटलं, नवीन पीस काढा, त्याच्याही पिना बघू. त्यांनी खोकं फोडलं. चारी पिना उभ्या, भोकं स्वच्छ. तिथेच माझा कप नव्या दांड्यावर बसवला, सलाईन घातलं, बटण दाबलं. हिरवा. मग हेल्पलाइनचं नावही काढावं लागलं नाही. दांडा बदलून दिला, कप माझाच ठेवला, बिलावर नवा सीरियल नंबर लिहून सही-शिक्का. वर मुलाने विचारलं, “मॅडम, हे भिंग कुठं मिळतं?”

मशीन आता रोज चालतंय. फक्त एक शंका. सकाळच्या बुडेसोनाइडनंतर संध्याकाळी धुकं विरळ येतं. दिवा हिरवाच असतो, पण औषध संपायला वेळ लागतो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून कप बोअरच्या पाण्याने धुतला जातो. त्याचं काही?

सत्तरफुटी_मिस्त्री

हिरवा हाय म्हणजे जोडणी बरोबर. आता गाठ चकतीशी. सिस्टर, तुम्ही सांगा.

निवृत्त_सिस्टर

बोअरचं पाणी बंद करा. तांब्याच्या बंबाला जो पांढरा थर बसतो तोच त्या भोकांत बसतो, आणि त्यात बुडेसोनाइडचे कण. दर वेळी औषध संपल्यावर कपातलं उरलेलं ओतून द्या. मेडिकलमधलं निर्जंतुक पाणी घाला, आणि पुस्तिकेत सफाईची पद्धत असेल तशी मिनिटभर चालवा. बटण दाबून धरलं की सफाई सुरू होते असं बऱ्याच मॉडेलमध्ये असतं, त्यात पाणी घातलं तरी मशीन बंद पडत नाही. मग कप झटकून, स्वच्छ कापडावर पालथा वाळवा. पुसायचा नाही, आणि ओला असताना दांड्यावर बसवायचा नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं म्हणून ते आणू नका, ते श्वासात जाण्यासाठी केलेलं नसतं.

आत्ता बसलेल्या थराला पांढरं व्हिनेगर चालतं का ते पुस्तिकेत बघा. चालत असेल तर एक भाग व्हिनेगर, तीन भाग निर्जंतुक पाणी, थोडा वेळ ठेवून नंतर नुसत्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, वास जाईपर्यंत. एवढं करूनही धुकं विरळच राहिलं तर कप नवीन घ्यायचा. चकती ही झिजणारी वस्तू आहे, सुटा कप वेगळा मिळतो. दुकानदाराला आत्ताच विचारून ठेवा की या मॉडेलचा कप त्याच्याकडे असतो का.

टॉवेलवाली_सोलापूर

विचारलं. मागवावा लागतो म्हणाले. दोन सांगून ठेवलेत.